गिरणी सोडून सगळं

गिरणी नसलेल्या ठिकाणी माणसाने राहायला जाऊ नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. असतं तर आमच्या वडिलांनी मला वेळीच सांगितलं असतं. पंचवटीत आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंना शास्त्रच सांगत आलं आहे. तेव्हा जे काही झालं त्यात दोष शास्त्राचा आहे, माझा नाही. मी फक्त आडगावच्या पलीकडे एका नव्या कॉलनीत फ्लॅट घेतला.

हा भाग वाढतोय. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. फ्लॅट विकणारा म्हणाला, कर्ज देणारा म्हणाला, आणि "तिकडं नाय येत" असं सांगून निघून जाणारा रिक्षावालासुद्धा जाता जाता म्हणाला, "एरिया वाढून राहिलाय पण." द्राक्षांचे मळे होते तिथे आता मळ्यांची नावं असलेल्या इमारती आहेत. शाळा दहा मिनिटांवर, दवाखाना दहा मिनिटांवर, विमानतळसुद्धा दहा मिनिटांवर. विमान कधी सुटतं ते कोणी विचारत नाही, पण जवळ आहे याचं समाधान मोठं असतं.

आणि धंदे तर असे आले की विचारू नका. जिमच तीन. नखं रंगवण्याचं दुकान. परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणारी दोन कार्यालयं. चहात साबुदाण्याच्या काळ्या गोळ्या टाकून तो जाड नळीने प्यायला देणारं एक दुकान, तिथे संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. आमच्याच इमारतीच्या खालच्या गाळ्यात मोहिनी साळुंखे या हुशार बाईंनी कुत्र्यांचं पार्लर काढलं. सहा महिन्यांत त्यांनी दोन मुली कामाला ठेवल्या. मी रोज सकाळी गॅलरीत उभं राहून या प्रगतीकडे कौतुकाने बघत असे.

"इथे कुत्र्याचे केस कापून मिळतात," उत्तरा एकदा मागून म्हणाली, "पण गहू दळून मिळत नाहीत."

उत्तरा म्हणजे माझी बायको. तिच्या बोलण्याचं वजन कळायला एक गोष्ट सांगायला हवी. उत्तरा भाजणी आणि चकल्या करून विकते. पंचवटीत तिचं नाव होतं. "तिकडे सगळ्या नोकरदार बायका, कोणाला वेळ नाही, तुझ्या चकल्यांवर उड्या पडतील," असं सांगून तिला इकडे आणणारा मीच. माझा अंदाज चुकला नाही. मी विमा कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंटचा मॅनेजर आहे, असे अंदाज बांधण्याचाच मला पगार मिळतो. ऑर्डरी पंचवटीपेक्षा जास्त आल्या. फक्त भाजणी दळायची कुठे, हा मुद्दा माझ्या अंदाजातून निसटला.

घरघंटी आणून बघितली. तिच्यात भाजणी इतकी बारीक दळली गेली की चकली तेलात सोडल्याबरोबर विरघळली. तळणीतून उत्तराने झाऱ्यावर जे काढलं, त्याला आमच्या लेकीने, इराने, "कलाकृती" म्हटलं आणि त्या दिवशी तिला जेवायला उशिरा मिळालं. मग मी दर रविवारी स्कूटरवर डबे लादून पंचवटीत आमच्या जुन्या रंगनाथच्या गिरणीत जाऊ लागलो. एकदा उड्डाणपुलाखाली डब्याचं झाकण उडालं. मागच्या मोटरसायकलवाल्याने सिग्नलला मला गाठलं तेव्हा तो पिठाने असा माखला होता की त्याचं वय कळेना. तो जे बोलला त्यावरून तरुण असावा.

गणपती उठले आणि उत्तराने निकाल दिला.

"दसऱ्यापर्यंत इथे गिरणी आली तर ठीक. नाही तर मी आणि इरा दिवाळी होईपर्यंत दादाकडे, पंचवटीत. तिथे माझी भाजणी दळून मिळते. दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर बघू."

दिवाळीपर्यंत जाणार याचं मला काही वाटलं नाही. मला भीती वाटली ती त्या 'बघू'ची. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायकोचं 'बघू' हे इतरांच्या 'ठरलं'पेक्षा पक्कं असतं. एवढा मोठा फ्लॅट, तीन जिम, दहा मिनिटांवर विमानतळ, आणि त्यात मी एकटा खिचडी ढवळतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मी तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली. गिरणी आणायचीच. मोठमोठे राज्यकर्ते आपल्या प्रदेशात कारखाने खेचून आणतात. मला एक जातं आणायचं होतं.

पहिली पायरी म्हणून मी रंगनाथकडे गेलो. यावेळी डबे नेले नाहीत, लॅपटॉप नेला. इराने मला सुरेख सादरीकरण करून दिलं होतं. त्यात आमच्या भागाची लोकसंख्या दाखवणारा हिरवा बाण होता, तो शेवटच्या पानावर पडद्याच्या बाहेर जात होता. मी लॅपटॉप ज्वारीच्या पोत्यावर ठेवला आणि अर्धा तास बोललो. रंगनाथ भुवयांपर्यंत पांढरा होऊन शांतपणे ऐकत होता. मधे मधे त्याची बायको कलाबाई गिरणीच्या आवाजात ओरडून विचारायची, "साहेब काय विकून राहिले?" आजही त्या लॅपटॉपची बटणं दाबली की बारीक पीठ निघतं.

"बाकी सगळं बरोबर हाय साहेब," शेवटी रंगनाथ म्हणाला. "पण तुमच्याकडं लोकं पोळ्या करतात का?"

"म्हणजे काय?"

"माझा भाचा तिकडंच राहतो. म्हणला, मामा, जेवूनच जा. आन् खिशातून मोबाईल काढला."

मी आमच्या भागाच्या वतीने फार दुखावलो. पोळ्या होतात, भरपूर होतात, आमच्याकडे तर कालच झाल्या, वगैरे सांगितलं. रंगनाथने मान हलवली. "डबे दिसू द्या. डबे दिसले की येतो. आन् खाली गाळा पाहिजे, थ्री फेज लाइट पाहिजे."

गाळा होता. मोहिनीताईंच्या पार्लरशेजारचा गाळा रिकामाच पडला होता. राहिली लाइट. ती काय, एक अर्ज, असं मला वाटलं. माणसाला काहीही वाटू शकतं.

वीज कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "अर्जदार कोण?"

"तसा अजून कोणी नाही. गिरणी यायची आहे."

"आली की या."

"थ्री फेज असल्याशिवाय ती येणार नाही."

"मग थ्री फेज कशाला मागताय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोललो आहे. मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा ऐकलं. मग खुर्ची जरा पुढे ओढून त्यांनी आवाज खाली आणला. "कुठे राहता म्हणालात? आडगावच्या पुढे? तिकडे आता काय भाव चाललाय?"

मी भाव सांगितला. त्यांनी शेजारच्या टेबलाला सांगितला. शेजारच्या टेबलाने विचारलं की पुढच्या टप्प्याचं बुकिंग सुरू झालंय का. अर्ध्या तासात त्या कार्यालयात मी चार जणांना माझ्या कॉलनीची माहिती दिली, पार्किंगसकट, आणि थ्री फेजचा विषय जिथे होता तिथेच राहिला. परवान्याच्या दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाई जरा स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "राहत्या भागात गिरणी चालेल," त्या म्हणाल्या, "पण आवाज होता कामा नये."

"गिरणी चालली की आवाज होणारच."

"मग चालणार नाही."

"आत्ता चालेल म्हणालात."

"बंद ठेवलीत तर चालेल."

हे ऐकून मी जिन्यावर थोडा वेळ बसलो. तिथे एका अनोळखी गृहस्थांनी मला पाणी दिलं आणि मी आडगावकडे राहतो हे कळल्यावर प्लॉटचा भाव विचारला.

कॉलनीत मात्र सल्ल्याला तोटा नव्हता. सोसायटीचे अध्यक्ष हिरामण भोये हे मूळचे पेठ तालुक्यातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. कुठल्याही प्रश्नाला ते प्रयोग करून भिडतात. "यशोधनराव," ते म्हणाले, "त्याला डबे बघायचेत ना? दाखवू. येत्या रविवारी बोलवा त्याला. गाळ्यासमोर आपण डब्यांची रांग लावू. नुसता नमुना."

"मला गिरणी नको आहे," मोहिनीताई म्हणाल्या. "माझी कुत्री शांपू लावून ओली बाहेर येणार आणि हे पीठ उडणार. पांढऱ्या पोमेरेनियनचं एक ठीक आहे. काळ्या लॅब्राडोरचं काय?" पण सरांनी शेजारधर्माची आठवण करून दिल्यावर त्या डबा द्यायला तयार झाल्या.

रविवार पितृपक्षात येत होता, म्हणून मी वडिलांना फोन करून विचारलं की या दिवसांत नवीन जागा बघितलेली चालते का. "बघणं म्हणजे घेणं नव्हे," वडील म्हणाले, आणि त्याबरोबर उत्तराच्या भाजणीची चौकशी केली. सगळा धर्म बाजूने होता. रंगनाथनेही येतो म्हणून सांगितलं. शनिवारी भोये सरांनी कॉलनीच्या ग्रुपवर मजकूर टाकला: "उद्या सकाळी इमारत क्रमांक दोनच्या खाली, गिरणीसमोर डबे आणावेत." प्राध्यापक माणूस, थोडक्यात लिहिलं. गिरणी अजून नाही, हे लिहायचं त्यांच्या मनातच आलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी तो मजकूर शेजारच्या कॉलनीत पाठवला. त्यांनी तो पुढे पाठवला.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाळ्याच्या बंद शटरसमोर उभा राहिलो. आमच्या कॉलनीतले डबे आले. खरं सांगायचं तर रंगनाथचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या डब्यात व्यायामाची वजनं होती. मोहिनीताईंच्या डब्यात कुत्र्यांची बिस्किटं होती आणि वर मूठभर गहू पसरले होते. तेवढ्यात भोये सरांच्या आई, भागीबाई, डोक्यावर डबा घेऊन आल्या.

"आई, हे खोटं खोटं आहे," सर हळूच म्हणाले.

"नागली खरी हे," भागीबाई म्हणाल्या आणि नाचणीचा डबा रांगेत ठेवला. मग माझ्याकडे वळून, "गव्हावर नको घालूस रे माझी नागली. येगळी दळ." आणि त्या निघून गेल्या.

मी त्यांच्या मागे हाक मारणार होतो. पण वेळ कुठे होता? कोपऱ्यावरून माणसं येताना दिसली. प्रत्येकाच्या हातात डबा. शेजारच्या कॉलनीतली, त्याच्या शेजारच्या कॉलनीतली, बांधकामावरची, महामार्गापलीकडची. आली, डबा ठेवला, वर नावाची चिठ्ठी लावली आणि चालू लागली.

"अहो, थांबा! गिरणी अजून सुरू..."

"माहितेय, रविवारी उशिरा उघडते. संध्याकाळी नेतो."

इथे मला आपल्या समाजाबद्दल दोन गंभीर शब्द बोलायचे आहेत. या लोकांच्या दाराला तीन कुलपं आहेत. बोट लावल्याशिवाय उघडत नाही असं एक आणि वर कॅमेरा. कुरिअरवाल्याला ते दाराच्या फटीतून सही देतात. तीच माणसं घरातलं महिन्याचं धान्य एका बंद शटरसमोर, ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसाच्या पायाशी ठेवून घरी जातात, कारण दळणाचा डबा असाच ठेवायचा असतो. गिरणीत कोणी थांबत नाही. मी ओरडून ओरडून सांगत होतो की गिरणी नाही, आणि प्रत्येकाला वाटत होतं की मी आज जरा वैतागलो आहे.

"ओ गिरणीवाले, माझे गहू बाजरीनंतर नको हां," एक आवाज आला. मी रागाने वळलो. समोर आमच्या कंपनीचे विभागीय व्यवस्थापक होते. हातात स्टीलचा डबा. नुकतेच महामार्गापलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेले.

"यशोधन?" ते म्हणाले. त्यांनी शटर बघितलं, डब्यांची रांग बघितली, मग माझा शर्ट बघितला. तोवर कोणाच्या तरी डब्यातल्या जुन्या पिठाने तो बराच पांढऱ्यावर पांढरा झाला होता.

"सर, हे तसं नाहीये..."

"असू दे, असू दे," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "महागाई सगळ्यांनाच आहे. मी ऑफिसात बोलणार नाही. मऊ दळा फक्त." आणि गेले. बिझनेस डेव्हलपमेंटमधल्या माझ्या सगळ्या वर्षांची त्या एका 'मऊ'ने पार रया गेली.

रंगनाथचा पत्ता नव्हता. फोन केला. "साहेब, आज आमच्या वडिलांची तिथ हाय," तो म्हणाला. "सकाळपासून लक्षातच नाय राहिलं कळवायचं. जेवणं झाली की इथली गिरणी चालू करतो, पण तिकडं येणं काय जमायचं नाय."

म्हणजे ज्याच्यासाठी हा नमुना मांडला तो येणार नव्हता, आणि नमुना मात्र पार्लरच्या पायरीपासून वॉचमनच्या केबिनपर्यंत पोचला होता. संध्याकाळी एवढी माणसं पीठ न्यायला येणार होती. मी भोये सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "प्रयोग अपेक्षेपेक्षा यशस्वी झाला," आणि खाली बसले.

तेव्हा उत्तरा खाली आली. आतापर्यंत ती "तुमचं नाटक तुम्ही करा" म्हणून वरच होती. ती रांगेच्या एका टोकापासून चालत निघाली. झाकणं उघडायची, धान्य हातात घ्यायची, वास घ्यायची, चिठ्ठी वाचायची, झाकण लावायची. दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते राग नव्हता. मला ते ओळखता आलं नाही म्हणून मी जास्तच घाबरलो.

"ती वजनं सोडली तर हे सगळं खरं धान्य आहे," ती म्हणाली. "लोक विश्वासाने ठेवून गेलेत. परत द्यायचं तर पीठच द्यायचं. त्या सोमाला हाक मारा."

सोमा हा सायखेड्याचा. दर रविवारी भाजीची पिकअप घेऊन कॉलनीच्या फाटकाशी उभा असतो. "दादा, डबे नेतो, पण हे टमाटे कुठं उतरवू?" त्याचा प्रश्न रास्त होता. टोमॅटो, वांगी आणि मेथी मोहिनीताईंच्या पार्लरमध्ये उतरली. पुढचे तीन तास मोहिनीताईंनी कुत्र्याच्या चित्राचा एप्रन घालून मेथीच्या जुड्या विकल्या. त्या दिवशी सोमाची भाजी नेहमीपेक्षा महाग गेली, कारण बाईंना पार्लरचे दर लावायची सवय होती आणि कोणी तक्रारही केली नाही.

आम्ही निघालो. सोमाशेजारी पुढे उत्तरा बसली. मागे डब्यांच्या मधे, हात-पाय पसरून, मी. गतिरोधक आला की सगळे डबे एकदम उडत आणि मी जमेल तेवढ्यांना मिठी मारत असे. रस्त्यावरचे लोक बघत होते. एका सिग्नलला बसमधल्या एका बाईंनी विचारलं, "भाऊ, गिरणी कुठे काढली?" मी डब्यांआड तोंड लपवलं. मला अजून थोडा स्वाभिमान होता.

रंगनाथ गिरणीच्या दारात सुपारी चघळत उभा होता. पिकअप बघून त्याची सुपारी थांबली. त्याने एकेक चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. "गायधनी! हे तर आमच्या मागच्या गल्लीतले. दीक्षित! हे कुठं गेले म्हणत होतो मी. अगं, हे बघ, जोशीकाकू! साहेब, माझं अर्धं गिऱ्हाईक तुम्ही पळवलं की!"

"मग येतोस ना तिकडे?" मी पिकअपवरूनच ओरडलो.

"आता कशाला येऊ?" रंगनाथ प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला. "तुम्हीच आणता की! दर रविवारी एक गाडी आणा. मी बसल्या जागी दळून देतो."

 मी एका डब्यावर बसलो. पुढची सगळी वर्षं दर रविवारी आपण पिकअपच्या मागे डब्यांना मिठ्या मारतोय, आणि उत्तरा तरीही पंचवटीला गेलेली आहे, हे मला स्पष्ट दिसलं. रडू यायचं बाकी होतं.

आत मात्र उत्तरा आणि कलाबाईंनी पदर खोचले होते. आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी, शेवटी भागीबाईंची नागली. मी डबे उचलून देत होतो. गडबडीत मी एक डबा असा दिला की थोड्या वेळाने गिरणीतून निराळाच वास सुटला.

"हे कसलं धान्य वो?" कलाबाईंनी बोटावर पीठ घेऊन विचारलं. त्या चव बघणार एवढ्यात मी किंचाळलो. ती मोहिनीताईंची कुत्र्यांची बिस्किटं होती, छान मऊ दळली गेली होती. रंगनाथने कपाळाला हात लावला. जातं साफ करायला पसाभर ज्वारी वाया घालवावी लागली. उत्तराने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

सगळं दळून होईतो उत्तरा भिंतीशी झाकून ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राकडे बघत होती. "ते का बंद आहे?"

"गिऱ्हाईक कमी झालं ताई. एकच पुरतं आता. इकायचं म्हणतोय."

"मला द्याल?"

रंगनाथ हसला. "तुम्ही चालवणार? बाईमाणसाचं काम नाय ते, जोखमीचं..."

"का वो?" कलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "इतकी वर्षं कोण चालवतंय? तुम्ही तर नुसते दारात सुपारी खाता." मग उत्तराकडे वळून त्या म्हणाल्या, "न्या ताई. टाकी लावून दगड खरबरीत कसा करायचा, जातं कसं बसवायचं, मी येऊन शिकवीन. दोन दिवस ऱ्हाईन तुमच्याकडं. मला ते उडतं इमान बी बघायचंय जवळून."

मी हातातला डबा खाली ठेवला. गिरणीवाला शोधत मी कार्यालयं पालथी घातली होती, पंचवटीत पोत्यावर लॅपटॉप मांडला होता. घरात रोज भाजणीत हात घालणारी बाई बसली होती, तिला विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. ज्याला बिझनेस डेव्हलपमेंटचा पगार मिळतो त्याला हे सुचू नये! मला लाजही वाटली आणि नाचावंसंही वाटलं. गिरणीत नाचायला जागा नव्हती म्हणून लाज वाटून घेतली.

संध्याकाळी कॉलनीत जत्रा होती. उत्तरा चिठ्ठ्या वाचून पीठ देत होती, आणि प्रत्येकाला विचारत होती, "दिवाळीला भाजणी हवी का?" सगळ्यांना हवी होती. आमचे विभागीय व्यवस्थापक आले तेव्हा मी ओळख करून दिली, "सर, ही माझी बायको."

"अच्छा, म्हणजे धंदा वहिनींचा," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू मदतीला असतोस होय? छान!" माझी अब्रू एका दिवसात दोनदा गेली, पण दुसऱ्यांदा तेवढं लागलं नाही.

मोहिनीताईंना बिस्किटांचं पीठ देताना मी माफीच मागितली. त्यांनी ते दुधात कालवून कुत्र्यांना घातलं. दुसऱ्या दिवशी त्या धावत आल्या. त्यांच्याकडची दात पडलेली म्हातारी कुत्री, जी महिनाभर काही खात नव्हती, ती ताट चाटूनपुसून बसली होती. "गिरणी लवकर आणा हो," त्या म्हणाल्या. "बिस्किटांचं दळण सगळ्यांत शेवटी घालू. पिठासाठी मी पडदा लावते." लॅब्राडोरचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग पुन्हा वीज कार्यालय. यावेळी अर्जदार सोबत होती. साहेबांनी मला ओळखलं आणि उभे राहिले. दरम्यान त्यांनी आमच्याच कॉलनीच्या पुढच्या टप्प्यात फ्लॅट बुक केला होता, आणि त्यांच्या मिसेस त्यांना रोज एकच विचारत होत्या की तिकडे गिरणी आहे का. थ्री फेज इतक्या लवकर आली की वायरमनच गोंधळला. परवान्याच्या बाईंनीही सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरवून कागद हातात ठेवला. "आवाज होईलच," त्या म्हणाल्या. "गिरणी आहे म्हटल्यावर."

दसऱ्याला उत्तराने यंत्राला झेंडूचा हार घातला. भोये सरांनी नारळ फोडला, भागीबाईंची नागली पहिली पडली, आणि मी शटर वर करताना त्यात माझा शर्ट अडकला. एवढं सोडलं तर सगळं निर्विघ्न पार पडलं.

पण माझ्या मनातलं ते 'बघू' काही जाईना. गिरणी दिवाळीपर्यंतचीच असली तर? विचारायचा धीर होत नव्हता. ऑफिस सुटलं की मी गिरणीत जाऊन उभा राहायचो, डबे उचलून द्यायचो, आणि उत्तराच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो. ती मात्र हातातल्या पिठाकडे बघत असायची.

एका संध्याकाळी सरिता नावाच्या एक बाई आल्या. देवळा गावच्या. नवऱ्याचा कांद्याचा व्यापार, मुलांच्या शाळेसाठी इकडे फ्लॅट बघत होत्या. त्यांनी गिरणी बघितली, मोहिनीताईंचा पडदा बघितला, आणि उत्तराला म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? जागा लय आवडली आम्हाला. पण तिथं वरच्या मजल्यावर सांगत होते, गिरणीवाल्या ताई दिवाळी झाली का पंचवटीला जाणार. खरं शे का? मग आम्ही पण दुसरीकडं बघतो."

मी गिरणीच्या तोंडाशी, पीठ पडतं तिथे, डबा धरून उभा होतो.  गिरणी घरघरत होती, आणि मला वाटतं त्या वेळी मला तीसुद्धा ऐकू येत नव्हती.

"कोण जातंय?" उत्तरा हातातलं पीठ चिमटीत चोळत म्हणाली. "खुशाल घ्या फ्लॅट. आम्ही इथलेच आहोत."

काय सांगू! आनंदाने माझे दोन्ही हात वर गेले. डबाही वर गेला. वरून पीठ पडतच होतं. ते माझ्या शर्टावर पडलं, बुटांवर पडलं, देवळ्याच्या सरिताबाईंच्या नव्या साडीवर पडलं, आणि पडद्यातून नुकत्याच न्हाऊन बाहेर आलेल्या काळ्याभोर लॅब्राडोरवर पडलं.

उत्तराने खटका दाबून गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. तिने लॅब्राडोरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे तेवढे जाणार आहेत पंचवटीला," ती सरिताबाईंना म्हणाली. "उद्याच."